अण्णांनी खाल्लेलं केंद्रक

आमचे थोरले बंधू अण्णा चारचौघांत बिनसाखरेचा चहा मागतात, त्यावर जाऊ नका.

त्यांच्या नातीने, रेवाने, शाळेसाठी पेशीचं मॉडेल केलं होतं. पुरणपोळी म्हणजे पेशी, मधोमध दाबून बसवलेला गुलाबजाम म्हणजे केंद्रक आणि मैसूरपाकाचे तुकडे म्हणजे मायटोकाँड्रिया. सकाळी गुलाबजाम गायब.

"आजोबा, केंद्रक खाल्लंत?"

"स्वल्पच होतं गं."

"आजपासून चहासुद्धा बंद!" वहिनी कडाडल्या.

रेवाने रडत रडत पुस्तक चाळलं आणि एकदम ओरडली, "तांबड्या रक्तपेशीला केंद्रक नसतंच! मधे खड्डाही अस्साच असतो!"

अण्णांचा जीव भांड्यात पडला.

"पण तिच्यात मायटोकाँड्रियाही नसतात," रेवाने पुढचं वाचलं.

अण्णांनी वहिनींकडे बघत, अत्यंत नाइलाजाने, मैसूरपाक उचलला.

"पोरीच्या मार्कांचा प्रश्न आहे."