गणपतीला झाडू मारायचा कसा

गॅदरिंगमध्ये राणी होऊन मी टाळ्या घेतल्या होत्या, म्हणून भाड्याचा लेहंगा परत करायला इंदरगंजच्या ड्रेसवाल्याकडे मोठ्या ऐटीत रांगेत उभी होते. माझ्या पुढे एका नाटक मंडळातली दोघं होती. एका दादाच्या हातात सोंडेचा मुखवटा आणि त्याच्या मागच्या काकूंच्या हातात झाडू.

"कुसुमताई, संध्याकाळी प्रयोग आहे. तालमीत तुम्ही मला झाडू मारला की माझी धूळ झटकली?"

"काय करू, राजवर्धन? सुरुवातीला तू गणपती होऊन येतोस. मी आरती करते, तुझ्या पाया पडते."

"ती नाटकाआधीची पूजा झाली. नंतर मी तुमचा दारुडा नवरा आहे ना?"

"कपडे बदलले म्हणून देव उतरतो का? माझा हातच उठत नाही."

"मग गणपती दुसऱ्या कोणाला करा."

"एवढं पोट मंडळात आणखी कोणाचं आहे?"

"यार ताई, लोक त्या सीनलाच हसतात. तुम्ही मारलं नाही तर नाटक पडेल."

"अरे, पण तुझी उत्तरपूजा कुठे होते? घरच्या गणपतीलासुद्धा आपण अक्षता वाहून निरोप देतो."

"मग वाहा. आत्ताच वाहा."

"थांब, पर्समध्ये लग्नातल्या आहेत, चालतील. वाक जरा. पुनरागमनाय च. आता मूर्ती जागची हलवायची असते, सरक."

दादा सरकला. काकू रांगेत त्याच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि वळून त्यांनी असा झाडू हाणला की मी लेहंग्यासकट दोन पावलं मागे गेले.

"ताई, लागलं ना."

"लागणारच. आता तू देव कुठे आहेस?"