बीट थांबली की टाळ्या नकोत

सोंडाई बँडवर जीव असलेल्या या सभेच्या सन्माननीय अध्यक्ष रोहिणीताई, प्रमुख पाहुणे लडकूशेठ, ज्यांच्यासाठी आज हा सगळा घाट घातला ते आमचे झाकीरभाई, पहिल्या रांगेत बसलेल्या भागीमावशी आणि कर्जत, खालापूर, मोहोपाड्याहून आलेल्या रसिकहो,

मी वनिता, या बँडची ड्रमर. ड्रमरच्या हाती माइक देऊ नये असं झाकीरभाई नेहमी सांगतात. पण आज सत्कार त्यांचा आहे, तेव्हा आज त्यांचं कुणी ऐकत नाही.

बोटं आखडतात म्हणून ते आज गिटार खाली ठेवतायत. वाईट वाटतं, पण समजून घेऊ. मात्र परवा ते म्हणाले, "वनिता, माझ्यामागं आपल्या हळदीच्या गाण्यातला ब्रिज काढून टाका. तो कुणाला जमायचा नाय." मला राग आला. अजून आहे.

काय असतो हो हा ब्रिज? दोन कडवी झाली, दोनदा ध्रुवपद झालं, आता पुन्हा तेच येणार म्हणून आपण निवांत बसतो आणि गाणं भलतीकडेच वळतं. सबंध गाणंभर सोडून गेलेल्याच्या नावानं बोटं मोडणारी बाई तिथे कबूल करते की त्याचा नंबर अजून पाठ आहे. रॉक असो की पॉप, थोर गाण्याचा जीव तिथेच असतो. झाकीरभाई सांगायचे, "नेरळहून माथेरानला जायचं नि परत नेरळला यायचं. नेरळ तेच, पण आपण वरची हवा खाऊन आलेलो."

तर लडकूशेठच्या लेकीची हळद. बेंजोवाल्यांनी ऐनवेळी टांग दिली, म्हणून बोलावणं आलं आम्हा रॉकवाल्यांना! हळदीत नियम एकच, बीट थांबता कामा नये. आणि ऐन गाण्यात झाकीरभाईंनी ब्रिजसाठी हात वर केला, म्हणजे ड्रम बंद. मी थांबले. नाचणारे जागच्या जागी उभे. मांडवातून आवाज आला, "बंद कशाला केलंत रं?" शेठ, हसू नका, तो आवाज तुमचाच होता.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. वाजप थांबलं की लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारणीनं धवळा सुरू करायचा. भागीमावशींना वाटलं, आपली पाळी आली. त्यांनी बसल्या जागेवरून धवळा उचलला. पट्टी वेगळी, लय वेगळी. मी कपाळाला हात लावला. झाकीरभाईंनी मात्र मान तिरकी केली, सूर चाचपले आणि गिटार हळूच मावशींच्या मागे नेली. धवळा संपता संपता त्यांनी आमच्या ध्रुवपदाची वाट धरली, मला डोळ्यानं खुणावलं आणि मी काठ्या हाणल्या. काय उठला होता तो मांडव! नवरी रडत रडत नाचली. शेठनी हळदीच्या हातांनी डोळे पुसले, गाल पिवळे झाले होते.

तेव्हापासून तो धवळाच आमचा ब्रिज. मुंबईच्या मोठ्या स्टेजवर लोकांनी विचारलं, हा बांधला कुणी? मी मान ताठ करून सांगितलं, आमच्या हळदीत सापडला.

पण मेख अशी की मावशी दरवेळी वेगळ्याच पट्टीत सुरू करतात. ती पट्टी जागच्या जागी शोधायची, हे झाकीरभाईंचं काम. आज गिटार त्यांच्या लेकीच्या, आसियाच्या हातात आहे. मी मावशींना म्हटलं, एकदा सराव करू या. त्या म्हणाल्या, "सरावाला धवळा म्हनत्यात का गं? ना नवरी, ना हळद!" मग आज कसा म्हणाल? तर म्हणाल्या, "आज झाकीरची पाठवणी हाय. म्हनंन मी."

आसियाला पट्टी सापडेल? देवाला ठाऊक. पण झाकीरभाई, चुकला तरी ब्रिज राहणार. काढून टाकायला तो तुमच्या एकट्याचा थोडाच आहे?

रोहिणीताई, शेठ, आपण सगळे वेळात वेळ काढून आलात, मनापासून आभार. बोलताना काही कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्या. फक्त एक विनंती. मधेच बीट थांबेल. गाणं संपलं समजून टाळ्या वाजवू नका. आणि झाकीरभाई, तुम्ही आज हात वर करायचा नाही. मी आपणहून थांबणार आहे.