घाई करू नकोस!

नाही, पण मी म्हणतो, गाडी आहे की बाळंतीण? मी पाना उचलला की खिडकीतून वडिलांचा आवाज, "घाई करू नकोस!" अहो, नजर अधू झाल्यापासून त्यांनी ती शेडमध्ये झाकून ठेवलेली, आणि मला? मला उभ्या जन्मात किल्ली दिली नाही! का, तर मी धांदरट! आणि आमचा धाकटा भाऊ, ज्यानं लायसन मिळाल्या मिळाल्या स्वतःचंच फाटक आडवं केलं, तो धडाडीचा! असो. तर परवा मला एकदम म्हणाले, "गाडी सुरू होते का बघ रे." तुम्हाला सांगतो, पन्नाशी उलटलेला माणूस मी, पण आतून असं गलबलून आलं... वाटलं, आता तरी म्हणतील, घे, ठेव तुला.

म्हणून ठरवलं, सगळं रीतसर. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, इतकी वर्षं उभी गाडी, थेट किल्ली फिरवाल तर इंजिनाची वाट लागेल!" मग काय, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलल्या, जुनं पेट्रोल उपसलं (काय तो वास, जेवण जाईना!), ऑइल नवं, बॅटरी नवी, प्लग काढून आत थेंब थेंब तेल सोडलं, आणि पान्यानं इंजिन हातानं फिरवतोय, जरासं, परत जरासं, कंबर मोडली, अन् खिडकीतून? "घाई करू नकोस!" अहो बाबा, याहून सावकाश म्हणजे आता झोपायचंच राहिलं! पण बोलतो कोण?

मग म्हटलं, सायलेन्सरही बघावा, उंदरानं घर केलं असेल तर धूर कोंडायचा. बोट घातलं तर मऊ लागलं. ओढलं... कानटोपी! लोकरीची! माझ्या पहिल्या पगारातून बाबांना आणलेली! एकदाही घातलेली पाहिली नव्हती, म्हटलं हरवली असेल. विचारलं, "बाबा, ही इथं?" तर म्हणतात कसे, "उंदीर शिरू नयेत म्हणून कोंबली. चांगली जाड होती." चांगली जाड होती! वाईट वाटलं हो. का नाही वाटणार?

तरी गिळलं. शेडचं दार सताड उघडलं, न्यूट्रल, हँडब्रेक, किल्ली... घुर्र... घुर्र... लागली! ऑइलचा लाल दिवा विझला, इंजिन कसं एका सुरात! बाबा खिडकीत, कान इकडे, चेहरा फुललेला. म्हटलं, आता बोलणार. बोलले की! फोनवर! परदेशातून सुट्टीवर आलेल्या धाकट्याला! "अरे, लागली गाडी! ये, घेऊन जा, तुझीच ती!"

आला. माझ्याकडे बघून "वा, दादा!" म्हणाला, बसला, पाय दाबला, धुरळा उडवत गेला. त्याला कुणी म्हणालं, घाई करू नकोस? छे!

मी तेलकट हातांनी ती टोपी घेऊन कचऱ्याच्या डब्याकडे निघालो. झाकण वाजलं मात्र, खिडकीतून आवाज, "अरे, टोपी टाकलीस की काय? घाई करू नकोस! तो परत परदेशी गेला की गाडी इथंच उभी राहणार. टोपी लागेल सायलेन्सरला."

धुऊन वाळत घातलीय. खरंच जाड आहे हो... अजून ओलीच आहे.