पाहुण्यांच्या हस्ते पत्र

आमच्या प्राचार्यांना विद्वान म्हणणारे अजून भंडाऱ्यात आहेत, म्हणून सांगतो. माझ्या वर्गातल्या, कारध्याच्या सुखदेवने कॉलेजचा पत्ता देऊन परदेशातल्या विद्यापीठात अर्ज केला होता. जानेवारीच्या स्नेहसंमेलनात प्राचार्यांनी त्याला अचानक स्टेजवर बोलावलं. शाल, नारळ आणि पाहुण्यांच्या हस्ते एक लिफाफा. शिष्यवृत्तीसकट जागा मिळाली होती! टाळ्या थांबेनात. सुखदेव मात्र पत्र वाचून प्राचार्यांकडे वळला. होकार डिसेंबर संपायच्या आत पोचायला हवा होता.

“सर, हे पत्र कधी आलं?”

“दिवाळीनंतर. असं कसं हातात देणार रे? कॉलेजचा मान आहे. पाहुणे ठरत नव्हते.”

“तारीख निघून गेली न सर.”

“पुढच्या वर्षी पुन्हा भर. फोटो तं निघाला ना!”

लिफाफा फोडून या माणसाने फक्त अभिनंदनाची ओळ वाचली होती. सुखदेवने शालीची घडी करून टेबलावर ठेवली आणि तो निघून गेला.

मलाही तिथं बसवेना. दुसऱ्या दिवशी मी कॉलेज सोडल्याचा दाखला मागितला. तो मात्र प्राचार्यांनी उभ्याउभ्याच सही करून दिला. त्यासाठी पाहुणे लागत नव्हते.