कूलरच्या फटीतला फोम

...आणि वरून मलाच म्हणतो, "बाबा, पाणी नव्हतं मारायचं!" अरे, नव्हतं मारायचं तर आधी सांग ना! पण बोलायचं नाही. जावई आहे, आणि महिना धोंड्याचा आहे.

तुम्हाला सांगतो, यंदा अधिक महिना आला तो नेमका जबलपूरच्या भट्टीत. लेक रश्मी आणि जावई केतनराव भोपाळहून धोंड्याच्या जेवणाला आले. आमच्या खिडकीत कूलर. त्याच्या बाजूच्या फटींत मी दर उन्हाळ्यात गोणपाट कोंबतो. गोणपाटाने आजवर कधी तक्रार केली नाही. पण केतनरावांना ते बघवेना! "बाबा, ये सब क्या है? फोम आणलाय मी. मारून देतो, चुटकी का काम है!"

मारला. डब्याची नळी फटीत घातली आणि फुस्स! दिसायला दाढीचा फेस. मी निर्धास्त जेवायला बसलो. वरण-भात संपेपर्यंत तो फेस फुगला, फटीतून बाहेर आला, चौकटीवरून उतरला आणि खिडकीला लागून असलेल्या माझ्या पुस्तकांच्या कपाटाची दोन्ही दारं चिकटवून बसला. सागवानी कपाट! रिटायर झाल्यापासून माझं जे काही जगणं आहे, ते त्याच्या आत. आता तुम्हीच सांगा, घरात काही सांडलं तर माणूस काय करतो? ओलं फडकं! मी पुसलं, आमच्या हिनं, इंदूनं, वरून तांब्याभर पाणी ओतलं, मी आणखी घासलं... तेव्हा हे महाशय मोबाइलमधून मान वर काढतात! म्हणे पाण्याने तो जास्तच घट्ट होतो. ओला होता तेव्हाच अ‍ॅसिटोननं पुसायचा.

"मग काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंच नाही, बाबा."

बोललो का मी? नाही! इंदू दारातून डोळे वटारून राहिली होती. "जावई म्हणजे नारायण. या महिन्यात एक शब्द नाही बोलायचा!" म्हणजे नारायणाने चिकटवायचं आणि मी खरवडायचं!

अ‍ॅसिटोन म्हणून रश्मीची नखपॉलिश काढायची बाटली ओतली. फोम हलला नाही, कपाटाचं पॉलिश तेवढं गेलं. उलथनं लावलं, ते वाकलं. शेवटी कटरची ब्लेड घेऊन पातळ पातळ काप काढत बसलो. घामाच्या धारा! आणि नारायण? कूलरसमोर, माझ्याच दिवाणावर. "हवा मस्त येऊन राहिली, बाबा. लीकेज बंद!"

बोलायचं नाही. महिना धोंड्याचा!

दारं सुटली एकदाची. पण खरवडता खरवडता एक काप निघाला... गोल, पिवळसर, जाळीदार. मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. धोंड्याला जावयाला जाळीदार पदार्थ द्यायचा असतो ना? इंदूचे अनारसे तळून तयारच होते. मी कापाच्या कडा घासल्या, वरून गुळाचं पाणी लावलं, खसखस चिकटवली. फॅक्टरीच्या ऑफिसात उभी हयात फायली सरकवल्या, पण इतकं मन लावून काम कधी केलं नाही!

संध्याकाळी धोंड्याचं ताट मांडलं, औक्षण झालं. ताटात सगळ्यात वर माझा अनारसा. नारायणाने तोच उचलला. चावला. दात आत गेले... आणि बाहेर येईनात! मी तांब्या पुढे केला.

"पाणी मारू?"

अहाहा! काय तो चेहरा! कपाटाचं पॉलिश वसूल! रश्मी "बाबा!" म्हणून ओरडली, इंदूनं निरांजन ठेवून कपाळाला हात लावला. केतनरावांनी दात सोडवले, काप उजेडात धरला, फिरवून फिरवून पाहिला...

"बाबा, हा तुम्ही कापला? एवढा साफ? मम्मीजी, पहा ना, कुठे तुटला नाही!" रागावला नाही हो! उलट जवळ सरकला. "भोपाळला बाथरूमच्या चौकटीत मी हाच मारला आहे. दरवाजा पूर्ण बंदच होत नाही. मिस्त्री पाहून पळून गेले. तुम्ही याल?"

मी तोंड उघडायच्या आत इंदू म्हणाली, "येतील ना! जावयानं ताटावर बसून मागितलं, नाही कसं म्हणायचं?"

ते दोघं पुढे गेले, आता मी बॅग भरून बसलो आहे. सकाळीच रश्मीचा फोन आला. "बाबा, वरच्या मजल्यावरच्या पियूष भैयांच्या गॅलरीतही थोडा फोम आहे. इन्होंने आपकी तरफ से हाँ बोल दिया है."

ब्लेडी जास्तीच्या घेतल्या आहेत.