अर्धा गोऱ्हा

मोंटानातल्या एका गावात, फ्रीझरच्या दुकानातल्या रांगेत, इंग्रिडच्या पुढे एक नवरा-बायको उभे होते.

"थेट रँचवरून मांस घ्यायचं, तर आधी घरात जागा बघावी, डेल."

"बघितली की! फ्रीझर आहे ना."

"त्यात तूच मारलेलं हरण आहे, गेल्या हिवाळ्यापासून."

"विसरलो."

"मी नाही विसरले. रोज तेच रांधतेय."

"निव्वळ गवतावर वाढलेला गोऱ्हा होता गं. म्हटलं, अर्धाच घेऊ. अर्धा म्हणजे असून असून किती असेल?"

"ट्रकभर! आणि तो ट्रक बाहेर उन्हात उभाय."

"दुकानात एकच फ्रीझर उरलाय, आपलं नशीब." डेल मागे वळला. "हसा, ताई, तुम्हीही हसून घ्या."

"कशी हसू? उरलेला अर्धा माझ्या गाडीत वितळतोय," इंग्रिड म्हणाली. "आणि मी शाळेत घनफळ शिकवते."