धुळीत गेलेला तीळ

हॅलो?… कोण?… हां, तूच होय! बरं झालं बाई फोन केलास. तुझी मावशी पार रडकुंडीला आलीय.

अगं, तुझं ते चित्रं मोठी करायचं सॉफ्टवेअर!… हो, तेच, फुकटातलं, कुणीकुणी मिळून लिहिलेलं… चाललं गं! न चालायला काय झालं? आमची ती जुनी कार्टून फिल्म चांगली भिंतभर झाली. पण तुझ्या काकांनी पाहिली आणि म्हणाले, "ही आपली नाही."

आपलीच गं! छत्रीवाली मुलगी जिना उतरते ती. यांनी चित्रं काढायची, मी शाईनं रेघा ओढायच्या… हो, हो… अगं ऐक ना! डोळ्यांचे डॉक्टर यांना म्हणाले, काय बघायचं ते महिन्याभरात बघून घ्या. म्हणून तर हा सगळा खटाटोप!

नाही, रंग ठीक आहेत… जिना आहे, छत्री आहे… मग गेलं काय? तेच तर कळत नाहीये! डोकं नुसतं भणभणतंय…

थांब, चष्मा कुठे… डोक्यावरच आहे मेला. हां, बोल. कुठे?… "डाग काढा"… तिथे तीन आहे… मीच केलं. तीन म्हणजे जास्त स्वच्छ ना?… अगं, घर काय कुणी अर्धंच झाडतं?

काय? बारीक ठिपके धूळ समजून पुसतं?… ठिपके?… अगं बाई! तीळ!

हळू बोल, हे पलीकडच्या खोलीत आहेत. मुलीच्या हनुवटीवरचा तीळ गं. यांच्या चित्रात नव्हताच तो. मी चोरून द्यायचे, प्रत्येक चित्रावर… हो, माझ्यासारखाच. चाळीस वर्षं झाली, यांना पत्ता नाही.

शून्य करू?… केलं. आधी एकच चित्र करून बघते… फिरतंय… फिरतंय… आला! ओरखडेही आले सगळे… राहू देत मेले!

अहो! या जरा इकडे… जपून, वायर आहे… अगं, नाक लावून उभे आहेत भिंतीला. तिथून हलेनात… बाई गं, आता काय चुकलं?…

बोट ठेवलं. तिळावर… अहो, काय हे! फोन चालू आहे!… अगं, तेच बोट माझ्या हनुवटीवर आणून ठेवलं…

काय म्हणालात?… म्हणतात, पहिल्याच चित्रात दिसला होता. शाई उडाली म्हणून पुसणार होते, तेवढ्यात मी मान वर केली…

नाही गं, रडत कुठेय… तू ठेव. ठेव म्हणते ना.